तर्री कुणाच्या ताटात

हसण्याचे किस्से माणूस हौसेनं सांगतो आणि विसरून जातो. घाबरलेल्या माणसांचे किस्से मात्र जात नाहीत. तूप कढवल्यावर भांड्याच्या बुडाला बेरी राहते ना, तसे ते राहतात. कितीही खरवडा, थोडे उरतातच. आमच्या ग्रुपकडं असे किस्से आता इतके झालेत की एक सांगायला घेतला की दुसरा मागून ढकलतो.

ग्रुप पाच जणांचा. हिंगोली जिल्ह्यात जवळा बाजारला माझं खत-बियाण्याचं दुकान, म्हणून मला सगळे ‘शेठ’ म्हणतात. मानानं नाही, चेष्टेनं! नामदेव गुरुजी झेडपीच्या शाळेत शिकवतात. अंगानं भरलेले, शर्टाचं पोटावरचं बटण कायम टेन्शनमध्ये. दत्तरावची शेती, सोयाबीन आणि हळद. मटण खावं तर त्याच्याच हातचं. मारोती मेंढरं राखतो, दिवसभर पायी, अंगावर चिमटीत धरायला मांस नाही. आणि किसन. त्याचं स्टँडजवळ भज्याचं हॉटेल होतं.

बाजाराच्या दिवशी दत्तरावच्या शेतात पार्टी ठरलेली. चुलीवर पातेलं, बांधावर आम्ही, आणि जगातल्या सगळ्या विषयांवर किसनची कॉमेंट्री. असं कितीतरी वर्षं चाललं.

मग एका सकाळी भजी तळता तळता किसन कढईसमोरच खाली बसला. गिऱ्हाइकांना वाटलं, काही पडलं असेल ते उचलतोय. तो उठलाच नाही. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची नस चरबीनं बंद झाली होती. रक्तातलं कोलेस्ट्रॉल वाढून नसांच्या आत थर बसतात, वरून काहीच दिसत नाही. ‘कोलेस्ट्रॉल’ हा शब्द त्या दिवशी आमच्यात आला आणि किसनच्या रिकाम्या जागेवर बसला.

तेव्हापासून आम्हा चौघांच्या मनात एकच प्रश्न होता, आता नंबर कुणाचा? तोंडानं कुणी बोलत नव्हतं. पण सगळ्यांची नजर आधी गुरुजींच्या पोटावर जायची, आणि गुरुजींनाही ते कळायचं.

*

किसनच्या तेरवीला पंगत बसली. पुरणपोळी, वर तूप. तूप वाढणारा आला तसे आम्ही चौघं एकदम ताटावर वाकलो. चोराची पावलं ऐकल्यावर माणूस पेटीवर पडतो तसे! मी ‘नको’ म्हणालो, दत्तराव ‘नको’ म्हणाला. गुरुजींनी पोळीवर आडवा हात धरला, पण वाढणारा घाईत, त्यानं तुपाची धार सरळ गुरुजींच्या हातावर सोडली.

गुरुजी हाताकडं असे बघत राहिले जणू विंचू बसलाय. मग तो हात शर्टाला पुसला. पुसल्यावर पुन्हा शर्टाकडं बघायला लागले.

एवढ्यात किसनची बायको समोर येऊन उभी राहिली. रडून रडून डोळे सुजलेले. म्हणाली, “भावजी, त्यांना तूप लई आवडायचं. त्यांच्या नावानं तरी घ्या.”

आता हिला काय सांगणार? घेतलं. चौघांनी मान खाली घालून पोळी तुपात बुडवली आणि खाल्ली. तेवढी चविष्ट पोळी मी आयुष्यात खाल्ली नसेल, आणि तेवढी भीतीही कधी कुठल्या घासाची वाटली नाही. हात धुवायला उठलो तर गुरुजी डाव्या हातानं उजव्या हाताची नाडी धरून उभे! मी विचारलं, “काय झालं?” तर म्हणाले, “चालू हाय. पन पोळी अजून तोंडात गोड लागून राहिली.”

*

दुसऱ्याच आठवड्यात गुरुजींनी रक्त तपासलं आणि कोलेस्ट्रॉल वाढलेलं निघालं. आम्हाला वाटलं, झालं, नंबर लागला.

डॉक्टर शहाणे होते. त्यांनी घाबरवलं नाही, समजावलं. तूप, लोणी, डालडा, मटणाची चरबी, असले थंडीत गोठणारे पदार्थ जास्त खाल्ले की रक्तातलं वाईट कोलेस्ट्रॉल वाढतं. त्याऐवजी करडई, शेंगदाणा असली पातळ राहणारी तेलं वापरा, तीही बेतानं. एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. रोज चाला, वजन उतरवा, गोळी घ्या.

एवढ्या सगळ्यातून गुरुजींच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली: जे गोठतं, ते मारतं!

झालं, घरचा फ्रिज म्हणजे प्रयोगशाळा झाला. वहिनी भाजी करायच्या, गुरुजी त्यातली वाटीभर फ्रिजात ठेवायचे आणि जेवायच्या आधी काढून बघायचे. वर पांढरा थर आला की ती भाजी बाद. पिठलं ठेवलं, आमटी ठेवली, शेजाऱ्यांकडून आलेला लाडू ठेवला. पिठलं थिजून वडी झालं तर तेही बाद. ते बेसनामुळं थिजतं हे वहिनींनी किती सांगितलं, पण गुरुजी ऐकतात कुठं! मी एकदा गेलो तर वहिनी दुधाचं पातेलं फरशीवर पाण्यात ठेवून बसलेल्या. म्हणाल्या, “फ्रिजात ह्यांच्या वाट्या हायत. दुधाला जागा न्हाई.”

कडाक्याची थंडी पडली तेव्हा तर कहर झाला. गुरुजी सकाळी आंघोळीला गेले आणि बघतात तो खोबरेल तेलाची बाटली गोठून पांढरी! तेव्हापासून डोक्याला तेल लावणं बंद. शाळेत केस उभे. पोरं हसायला लागली. मी म्हटलं, गुरुजी, डोक्याला लावलेलं तेल रक्तात जात नाही. गुरुजी खाली बघत म्हणाले, “मलाबी ठाऊक हाय शेठ. पन बाटलीकडं बगितलं की किसन दिसतो.”

ह्यावर मला हसू आलं नाही.

*

दत्तरावची तऱ्हा उलटी. तो भीतीला हिंमतीनं भिडणारा गडी. एक दिवस तेलाचा मोठा डबा खांद्यावर घेऊन दुकानात आला आणि काउंटरवर आपटला. डब्यावर लाल हृदयाचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘कोलेस्ट्रॉल नाही’. आता टेन्शन संपलं म्हणाला, आता जेवढं वाटेल तेवढं वापरायचं!

आणि वापरलं की हो! घरात चपातीला तेल, भाकरीला तेल, भातावर तेल. मुलांना सांगायचा की हे औषध आहे. हिवाळ्यात तो डबा अर्धा घट्ट व्हायचा, तर चुलीपाशी ठेवून पातळ करून ओतायचा. दोन-तीन महिन्यांत पोट पुढं आलं, जिना चढताना धाप लागायला लागली. तेव्हा घाबरून डबा घेऊनच डॉक्टरांकडं गेला. सोबत मी.

डॉक्टरांनी डबा फिरवून बघितला आणि शांतपणे सांगितलं की कोलेस्ट्रॉल फक्त जनावराकडून आलेल्या अन्नात असतं. झाडापासून निघालेल्या कुठल्याच तेलात ते नसतं, डालड्यातही नसतं. पण हे घट्ट होणारं पाम तेल खाल्लं की शरीर आतल्या आत रक्तातलं कोलेस्ट्रॉल वाढवून बसतं. आणि कुठलंही तेल एवढं ओतलं तर वजन वाढणारच.

दत्तराव डब्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “साहेब, असं तर माह्या विहिरीवरबी लिवता यील. कोलेस्ट्रॉल न्हाई म्हनून.”

डॉक्टर हसले. दत्तराव हसला नाही. घरी जाईपर्यंत त्यानं डबा मांडीवर धरला होता. लेकरांनाही खाऊ घातलं, एवढंच पुटपुटत होता.

*

माझा किस्सा सांगायला मला आवडत नाही, पण हे लोक सांगितल्याशिवाय राहत नाहीत, म्हणून मीच सांगतो.

खताच्या गोण्या उतरवून घेत होतो आणि छातीत कळ आली. डावीकडं. घाम फुटला. दुकानातली गिऱ्हाइकं, रस्ता, समोरचं लिंबाचं झाड, सगळं लांब गेल्यासारखं झालं. मी खाली बसलो, आणि बसताना मनात आलं की किसन असाच बसला होता.

माझ्या नशिबानं बाजाराचा दिवस, तिघंही जवळच. मला उचललं आणि हिंगोलीच्या जीपमध्ये घातलं. जीप भरलेली, माझे पाय एका म्हातारीच्या टोपलीवर आणि माझ्या डोक्यापाशी कुणाची तरी शेळी. ती शेळी सबंध रस्ताभर माझ्या तोंडाकडं बघत होती. औंढ्याला नागनाथाचं शिखर दिसलं तसे गुरुजींनी हात जोडले आणि माझेही जोडून दिले. मारोती माझा तळवा चोळत होता आणि सारखं म्हणत होता, “काय होत न्हाई शेठ. काय होत न्हाई.”

आणि दत्तराव कानापाशी वाकला. हळूच, मायेनं विचारलं, “शेठ, दुकानाची किल्ली कुठं ठिवली?”

तेव्हा माझी खात्री पटली की मी चाललो! बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला, पोरीचं लग्न आलं. मी किल्ली खिशातून काढून दिली आणि डोळे मिटले.

हिंगोलीत ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. गोणी उचलताना बरगडीचा स्नायू ताणला होता, आणि वरून सकाळी खाल्लेल्या भज्यांचा गॅस. दत्तरावनं किल्ली परत दिली. दुकान उघडंच राहिलं होतं, कुलूप लावायला परत जायचं म्हणून विचारत होता, असं त्याचं म्हणणं. मी अजून विश्वास ठेवलेला नाही!

पण खरं सांगू? त्या दिवसापासून मी गोणी उचलत नाही. कळ गेली, ती बसल्या जागची भीती गेलेली नाही.

*

आता तर्रीचं.

पातेल्यात मटण शिजत आलं की वर लाल तेलाचा थर तरंगतो, ती तर्री. त्यात मसाल्याचा रंग असतो, चव असते आणि चरबीही सगळी तिथंच. आमच्याकडं पहिला डाव तर्रीचा, आणि तो मानाच्या माणसाला. जावई आला तर जावयाला, पाहुणा आला तर पाहुण्याला. आमच्या पार्टीत तो मान गुरुजींचा होता. नाही वाढली तर माणूस रुसतो, असली ती गोष्ट.

किसन गेल्यावर पार्टी काही काळ बंद होती. मग हळूहळू पुन्हा सुरू झाली, महिन्यातून एकदा, मटण कमी, भाजी जास्त. पण तर्रीचं काय करायचं? दत्तराव डाव भरून गुरुजींकडं वळला तर गुरुजी ताट घेऊन मागं सरकले. “शेठला द्या, मानाचा मानूस.” मी म्हटलं, “दत्तराव, कष्ट तुझे, मान तुझा.” दत्तराव म्हणाला, मी तर वाढपी! जो मान मिळावा म्हणून माणसं भांडतात, तो आम्ही एकमेकांच्या गळ्यात घालत होतो.

शेवटी तिघांचीही नजर एकदमच मारोतीवर गेली. हा एवढा वाळका, रोज मैलोन्‌मैल चालणारा. ह्याला कसलं आलंय कोलेस्ट्रॉल? मारोतीनं आनंदानं ताट पुढं केलं. म्हणाला, “मेंढरामागं पळून पळून ते बिचारं माह्या अंगातच दमून जाईल.”

सगळे हसलो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तेव्हापासून ठरून गेलं, चौघांची तर्री मारोतीच्या ताटात. त्याला वाढताना आम्हाला पुण्य केल्यासारखं वाटायचं. गरिबाच्या लेकराला अंगी लागू दे, असं गुरुजी म्हणायचे.

*

शेवटचा किस्सा ह्याच वर्षीचा.

गुरुजींची पुन्हा रक्त तपासायची वेळ आली. त्यांना सुईची भीती आणि रिपोर्टची त्याहून जास्त, म्हणून दत्तरावनं मागून आणलेल्या जीपमधून चौघं मिळून हिंगोलीला गेलो. लॅबमध्ये गुरुजी खुर्चीत बसले आणि हात आखडून घेतला. काही केल्या सोडेनात. तेव्हा मारोती शेजारच्या खुर्चीत बसला, बाही वर केली आणि म्हणाला, “बाई, आदी माझं घ्या. गुरुजीला दिसंल का दुखत न्हाई.” गुरुजींना हिंमत आली. दोघांचंही रक्त घेतलं, दोघांचीही तपासणी झाली.

गुरुजींचा रिपोर्ट छान आला. कोलेस्ट्रॉल उतरलं होतं. गुरुजींनी दवाखान्यातच मला मिठी मारली.

मग डॉक्टरांनी दुसरा कागद बघितला. पुन्हा बघितला. मारोतीला उजेडात बोलावलं आणि त्याच्या डोळ्यांखाली बोट लावून विचारलं, हे पिवळं कधीपासून आहे? नाकाच्या दोन्ही बाजूंना, पापण्यांच्या कोपऱ्यात बारीक पिवळे उंचवटे होते. मारोती म्हणाला, हळदीचं असेल, दत्तरावच्या हळदीवर कामाला जातो. आम्हालाही नेहमी तसंच वाटायचं. हळदीचा हंगाम केव्हाच संपला होता, तरी वाटायचं.

डॉक्टरांनी त्याची टाचेमागची धोंडशीर दाबली. ती जाड, गाठीसारखी. म्हणाले, हे सगळं कोलेस्ट्रॉल आहे. गुरुजींचं सगळ्यात वाढलेलं असताना होतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट.

 दत्तराव भिंतीला टेकला. “साहेब, आमी ह्याला तर्री वाढली. आमच्या सगळ्यांची.”

डॉक्टर म्हणाले, नुसत्या तर्रीनं एवढं होत नाही. काही घराण्यांत शरीर हे कोलेस्ट्रॉल रक्तातून उचलतच नाही, जन्मापासून. माणूस वाळका असो, कितीही चालो. वरून चरबी खाल्ली तर आगीत तेल. रोज गोळी, आणि ती कायमची; मग आटोक्यात राहतं. मग त्यांनी विचारलं, “वडील कसे वारले?”

 मारोती सांगायला लागला. त्याच्या वाडीच्या वाटेवर ओढ्याचं एक वळण आहे, तिथं बाभूळ आहे. बाप मेंढरं घेऊन येताना तिथंच छाती धरून पडला, ऐन चाळिशीत. पुढं थोरला भाऊ पडला, तोही तिथंच, तसाच. चढाची वाट आहे ती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं की त्या वळणावर काहीतरी आहे, ते आपल्या घराच्या मागं लागलंय. तेव्हापासून त्यांच्या घरचं कुणी त्या वाटेनं जात नाही. मेंढरंसुद्धा माळावरून फेऱ्यानं नेतात.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “लेकरं किती?”

“एक पोरगी हाय. सातवीत.”

डॉक्टर म्हणाले की हे आईबापाकडून लेकरात उतरतं, निम्मी शक्यता असते. तिलाही घेऊन या. लवकर.

परत निघालो. गुरुजींनी खिशातला रिपोर्ट हातरुमालाखाली दाबून ठेवला होता. फाट्यावरून दत्तरावनं गाडी वाडीच्या कच्च्या रस्त्याला घातली, आणि ओढ्याचं वळण आलं तसं मारोतीनं थांबायला सांगितलं. तो उतरला. बाभळीच्या फांद्यांना वाळलेली लिंबं आणि बिबे लटकत होते, तेवढ्यापुरतं येऊन त्याच्याच घरच्यांनी बांधलेले. तो झाडाखाली जाऊन उभा राहिला. बराच वेळ. आम्ही तिघंही खाली उतरलो नाही. आता त्या झाडाला कोण भीत होतं? पण मारोतीपाशी जाऊन उभं राहायची छाती आमच्यात नव्हती.

मग तो परत आला. दाराला धरून उभा राहिला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “शेठ, ह्याच्या भ्यानं मी लेकीला शाळेत फेऱ्यानं धाडतो. लहान होती तवापासून. उन्हातान्हात चालत जाती बिचारी. रोज इचारती, बाबा, काहून एवढा फेरा?”

त्यानं मागं वळून बाभळीकडं बघितलं.

“आता तिला कोन्या वाटेनं धाडू?”